चार बुश आणि साडेपाचचा आकडा

नोव्हेंबरची सोळा तारीख, रविवार. रक्कम रुपये आठशे चाळीस. हजर: बाबा, आई, मी, सुखदेव मिस्त्री आणि कुंपणापलीकडे दात घासत उभे असलेले शेजारचे ढोबळे काका, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं. वर्ष लिहीत नाही. वर्ष लिहिलं की वाचणारा मजकूर सोडून माझं आजचं वय काढत बसतो. तेव्हा मी बावीसचा होतो, मेकॅनिकलचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालो होतो आणि हिंगण्याच्या एका कारखान्यात चौदाशे रुपये महिन्यानं शिकाऊ म्हणून लागलो होतो. एवढ्याशा भांडवलावर माणसाला किती माज येऊ शकतो, त्याचा हा हिशेब आहे.

गाडी बाबांनी त्याच उन्हाळ्यात अठ्ठावन्न हजारांना घेतली होती. पांढरी, लहान, आमच्याआधी दोन मालक पाहिलेली. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लर्क. त्यांच्या आजोबांना अंगठ्याशिवाय दुसरी सही येत नव्हती आणि त्या अंगठ्याच्या वर काय लिहिलंय हे दरवेळी दुसराच कोणी वाचून सांगायचा. बाबांचे वडील दीक्षाभूमीवरून घरी परतले ते पोराचं नाव शाळेत घालायचं ठरवूनच. तेव्हापासून आमच्या घरात छापील कागदाला जो मान आहे तो पाहुण्यालाही नाही. गाडी आली त्या दिवशी बाबांनी गाडी पुसायच्या आधी तिची कागदपत्रं कोरड्या फडक्यानं पुसली आणि कपाटात, आईच्या दोन तोळ्यांच्या शेजारी ठेवली. गाडी मात्र उन्हात उभी असायची.

आणि नागपूरचं ऊन रबराला काय करतं ते आम्हाला लवकरच कळलं. दिवाळीच्या सुमारास गाडी खड्ड्यातून गेली की समोरून डाव्या बाजूनं खट् असा आवाज यायला लागला, जसं कोणी आत बसून अडकित्त्यानं सुपारी फोडतंय. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे झुकायची. बाबांनी आधी आवाजाकडे दुर्लक्ष केलं, मग रस्त्याला दोष दिला, मग आईच्या शिवणयंत्राचं तेल घेऊन ते चाकामागे जिथे जिथे बोट पोचलं तिथे सोडलं. दोन दिवस आवाज थांबला. बाबांनी ही गोष्ट कचेरीत चार जणांना सांगितली. तिसऱ्या दिवशी आवाज परत आला, आता दोन्ही बाजूंनी.

सुखदेव मिस्त्रीला आईनं बोलावलं. मानेवाड्याकडे जाताना नाल्याच्या काठावर त्याची टिनाची शेड होती. पन्नाशीचा, अंगानं बारीक, डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. तिसरीत शाळा सुटली आणि ट्रकच्या गॅरेजात हात काळे झाले, ते काळेच राहिले. त्यानं गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं, एक लांब लोखंडी टॉमी मध्ये घालून हलवली आणि बाबांना म्हणाला, "साहेब, बुश गेले. हे पाहा, हात कसा लटलट करते. अन् हे तेल कोन टाकलं इथं?"

बाबा आभाळाकडे पाहायला लागले.

"रबराले तेल पाजलं का ते फुगते अन् सडते," सुखदेव म्हणाला. "अजून दोन महिने चाललं असतं ते दोन दिवसांत गेलं."

बुश म्हणजे काय हे सांगून ठेवतो. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा एक लोखंडी हात असतो. त्या हाताच्या टोकाशी जाड रबराचा गोल तुकडा घट्ट बसवलेला असतो, त्याच्या पोटात लोखंडी नळी आणि नळीतून आरपार बोल्ट. तो रबराचा तुकडा म्हणजे बुश. बोल्ट आवळला की नळी जागच्या जागी पकडली जाते. नंतर चाक वरखाली झालं की हात हलतो आणि रबर थोडं पिळलं जातं, परत सुटतं. दर खड्ड्याला हेच. आमच्या गाडीला असे चार होते, प्रत्येकी पंच्याऐंशीचे. जुने दाबून काढून नवे बसवायला प्रेसवाला एका बुशाचे पंचवीस घेई. मजुरी चारशे. बेरीज वर दिलीच आहे.

त्या रविवारी सकाळी घरात पाट्यावर मसाला वाटल्याचा घरघर आवाज होता, भाजलेल्या खोबऱ्याचा आणि खसखशीचा वास अंगणापर्यंत आलेला होता, कारण रविवारी आमच्याकडे मटण व्हायचं आणि आईनं मिस्त्रीला जेवूनच जायचं असं आधीच बजावलं होतं. सुखदेव प्रेसवरून दोन्ही हात घेऊन आला तेव्हा दहा वाजले होते. ढोबळे काका कुंपणाला टेकले. त्यांच्या तीन व्हॅन होत्या, शाळेची पोरं ने-आण करणाऱ्या, आणि त्या दर पंधरा दिवसांनी कुठे ना कुठे बंद पडायच्या.

"कामावर नजर ठेवून राह्यलो गा," ते बाबांना म्हणाले. "याचा हात साफ दिसला तं तिन्ही व्हॅन वर्षभरासाठी यालेच देऊन टाकतो."

सुखदेव हसला. "द्या न काका. तीन व्हॅनचं काम भेटलं का शेडमंदी खड्डा बांधतो पक्का. मंग गाडीखाली पाठ टेकून झोपा लागत नाही. पाठ लय बोलते आता."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं त्या दिवशी काय पणाला लागलंय ते. मलाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी बरीच वर्षं स्वतःला असं सांगत आलो की मला तेव्हा कल्पना नव्हती.

मी तयारीनिशी उतरलो होतो. कारखान्याच्या स्टोअरमधून सही करून टॉर्क रेंच आणला होता, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळला ते आकड्यात सांगणारा लांब पाना. ठरवलेला आकडा आला की तो कट् असा आवाज करतो. आणि तंत्रनिकेतनाच्या ग्रंथालयातल्या जाड्या इंग्रजी पुस्तकातून आमच्या गाडीच्या बोल्टांच्या आकड्यांचं पान झेरॉक्स करून आणलं होतं. एक पान, एक रुपया. समोरच्या हाताचे बोल्ट: साडेपाच किलोग्रॅम-मीटर. मी त्याखाली पेन्सिलीनं दोनदा रेघ मारली होती.

सुखदेवनं हात जागेवर बसवले, बोल्ट घातले, नट बोटांनी फिरवून सैल ठेवले आणि चाकं चढवायला लागला.

"आवळायचं राहिलं," मी म्हणालो.

"गाडी खाली उतरू द्या न बाबू. उतरवतो, पुढे-मागे दोनदा ढकलतो, दोघं जन समोर बसा. मंग मी खालून आवळतो."

"काहून? आत्ता सगळं हाताशी आहे. खाली उतरवली की पाना कसा फिरणार?"

"थोडी अडचन होते. झोपून करतो न मी." त्यानं जॅकवर लोंबणाऱ्या हाताकडे बोट दाखवलं. "हे आता लटकून राह्यलं. लटकल्या पायाले पट्टी बांधली अन् मंग मानूस उभा झाला, तं पट्टी फाटनच न! गाडी आपल्या वजनावर उभी राहू द्या. रबर आपल्या जागी बसन. मंग आवळा किती आवळाचं ते."

उत्तर इतकं सरळ होतं की ते मला कळू नये यासाठी तीन वर्षांचा डिप्लोमाच लागला. मी झेरॉक्स त्याच्यासमोर धरली. त्याला इंग्रजी वाचता येत नाही हे मला माहीत होतं. तरी धरली, आणि जरा जास्तच जवळ धरली.

"यात कुठे लिहिलंय गाडी उतरवा म्हणून? दाखवा."

सुखदेवनं कागदाकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं. बाबांनी कागदाकडे पाहिलं. बाबांची बिचाऱ्यांची कागदाविरुद्ध जायची हिंमत आयुष्यात झाली नव्हती.

"सुखदेव," ते म्हणाले, "छापलेलं आहे गा. पोरगा फर्स्ट क्लास आहे. तो म्हन्ते तसं कर."

"अन् पायाले पट्टी म्हने!" ढोबळे काका कुंपणापलीकडून खिदळले. "मिस्त्री कायचा, गाडीले डॉक्टर आला तुमच्या."

सुखदेवनं हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले आणि मला म्हणाला, "ठीक हाय. गाडी तुमची. तुमीच आवळा."

मी आवळले. चार बोल्ट, चार वेळा कट्. प्रत्येक कट् नंतर मी बाबांकडे पाही आणि ते मान हलवत. ज्या घराण्याला तीन पिढ्यांपूर्वी कोणाकोणाच्या कागदापुढे गप्प बसावं लागलं होतं, त्या घराण्याचा पहिला डिप्लोमा मी असा वापरला. नंतर सगळे जेवले. सुखदेवनं एकच भाकर खाल्ली. आईनं दुसरी वाढायला घेतली तर त्यानं ताटावर हात धरला.

सहा आठवडे गाडी लोण्यासारखी चालली. मी हे कारखान्याच्या बसमध्ये जाता-येता सांगितलं. सातव्या आठवड्यात अडकित्ता परत सुरू झाला. मी चाकामागे टॉर्च मारून पाहिलं: डावीकडच्या दोन्ही बुशांचं रबर नळीपासून फाटलं होतं, उजवीकडे चिरा. माझ्या डोक्यात एक क्षणही आलं नाही की यात माझा काही भाग असेल. मी कुंपणाशी गेलो आणि ढोबळे काकांना स्वच्छ शब्दांत सांगितलं की मिस्त्रीनं लोकल माल टाकला, पंच्याऐंशी घेऊन तीसचा. ढोबळे काकांना सांगणं म्हणजे काय हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर तीसचे वीस झाले होते. त्याच आठवड्यात तिन्ही व्हॅन दुसऱ्या गॅरेजला गेल्या.

आजकाल मी गाडी सर्व्हिस सेंटरला देतो. काचेच्या भिंतीआड बसवतात, फुकट कॉफी देतात, आणि बिलात "किरकोळ साहित्य" म्हणून सहाशे वीस रुपये लावतात. मी दरवेळी विचारतो की किरकोळ म्हणजे काय. मुलगी गोड हसते आणि आणखी एक कॉफी मागवते. तिथला मिस्त्री कोण हे मला आजवर कळलेलं नाही, म्हणून त्याच्यावर खोटा आळ घेणंही मला जमलेलं नाही. सोयीची व्यवस्था आहे.

जानेवारीत मी तंत्रनिकेतनात गेलो. ग्रंथालयाची दोनशे रुपये अनामत परत घ्यायची होती. खिडकीवरचा बाबू चहाला गेला होता, म्हणून वाट पाहताना मी तेच जाडं पुस्तक काढलं, उगाच, आपल्या आकड्याचं दर्शन घ्यावं म्हणून. एकशे बारावं पान. साडेपाच. पान उलटलं. एकशे तेराव्या पानाची पहिलीच ओळ, ठळक अक्षरांत: वरील सर्व बोल्ट गाडी चाकांवर जमिनीवर उभी असताना, समोर दोन माणसं बसवून, मगच पक्के आवळावेत, अन्यथा रबर कायमचं पिळलेलं राहून अकाली फाटेल.

ते पान मी घेतलं नव्हतं. आकडे सगळे एकशे बारावर होते, आणि एकशे तेरावर नुसता मजकूर दिसला, म्हणून मी एक रुपया वाचवला होता.

अनामत घेतली, घरी आलो आणि अकरा दिवस गप्प बसलो. अकरा मोजून आहेत. त्या अकरा दिवसांत मी स्वतःशी बरंच काही सिद्ध केलं: बुश लोकल असूही शकतात, नोव्हेंबरात थंडी होती, त्या तेलाचा अंश राहिला असेल. बाराव्या दिवशी रात्रीच्या भाकरी थापताना आई म्हणाली, "सुखदेवची बायको भेटली होती बजारात. बोलली नाही माझ्यासंगं. सरळ पुढे गेली." आणि मग तव्यावरची भाकर उलटवत, "त्यानं खरंच हलका माल टाकला होता का रे संजू?"

मी सांगितलं. रुपयासकट सगळं.

आईनं भाकर जळू दिली. "तुले लाज नाही वाटली? बारा दिवस जेवून राह्यला इथं, पोटभर?" मग ती ओरडली, "अजी, आयकलं का? तुमच्या छापलेल्या पोरानं काय केलं ते आयका!"

बाबांनी ऐकलं.  मग विचारलं, "एकशे तेरा पान खरंच आहे?" मी म्हणालो, आहे. ते म्हणाले, "मंग मी पन पान उलटवाले सांगितलं नाही," आणि चष्मा काढून पुसत बसले. बाबांच्या तोंडून स्वतःविरुद्ध निघालेलं हे मी ऐकलेलं एकमेव वाक्य.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शेडवर गेलो. सुखदेव एका रिक्षाखाली पाठ टेकून पडला होता. नुसते पाय दिसत होते. मी त्या पायांना सगळं सांगितलं, आणि बुश परत बदलायला या म्हणालो. पाय हलले नाहीत.

"मी नाही येत," खालून आवाज आला. "तुमच्या घरी मोठे मिस्त्री हायेत."

"चूक झाली माझी."

"मले काहून सांगून राह्यला? मले तं ते नोव्हेंबरातच माहीत होतं." तो सरकत बाहेर आला, उठताना एक हात कंबरेवर. "पैसे आनले असतील तं परत ने. मले पैशानं नाही झालं काही. तीन व्हॅन गेल्या. लोकाइनं तोंडावर म्हटलं, सुखदेव चोर. तू जिथं उभं राहून सांगितलं होतं न, तिथंच उभं राहून सांग. कबूल असन तं मी येतो."

"काकांना सांगतो."

"नुसतं तोंडानं नाही. रविवारी येतो. बुश नवे आनतो. त्या दिवशी पाहू."

रविवारी तो आला. मटण नव्हतं; आई म्हणाली, त्यानं खाल्लं नाही तर आपल्याही घशाखाली उतरायचं नाही. त्यानं बुश बदलले, बोल्ट सैल ठेवले, चाकं चढवली, गाडी उतरवली. दोनदा पुढे-मागे ढकलली. मग बाबांना म्हणाला, "बसा साहेब. ताई, तुमी पन."

बाबा स्टिअरिंगवर, आई शेजारी. फाटकासमोर उभ्या असलेल्या, बंद गाडीत. मी आईला तिचं वजन विचारलं, कारण पुस्तकात दोन माणसांचं सरासरी वजन दिलं होतं. तिनं काच वर केली. आईनं चांगली साडी नेसली होती, का ते तिलाच ठाऊक. पंचवीस मिनिटं दोघं समोर बघत बसले, हलले तर बोल्ट बिघडेल अशा बेतानं. कॉलनीतली माणसं फिरायला निघाली होती, ती थांबली. कोणीतरी विचारलं, "साहेब, कुठं निघाले?" बाबा मान न वळवता म्हणाले, "कुठंच नाही." गाडीखालून सुखदेव कण्हत कण्हत पाना फिरवत होता, साध्या पान्यानं, हाताच्या अंदाजानं. नंतर मी टॉर्क रेंच लावून पाहिला. चारपैकी तीन बोल्ट साडेपाचला कट् झाले, चौथा जरा अलीकडे. मी ते कोणाला सांगितलं नाही.

ढोबळे काका कुंपणाशी होतेच.

सुखदेव बाहेर आला, पाठ सरळ व्हायला वेळ लागला. मला म्हणाला, "कागद आन. पेन आन. तुमच्या घरी कागदावर भरोसा हाय न? मंग लिव."

मी पायरीवर बसून लिहायला घेतलं.

"चार बुश, तीनशे चाळीस. प्रेसचे शंभर. मजुरी चारशे. आता खाली लिव: मिस्त्रीनं गाडी उतरवाले सांगितलं, मी आयकलं नाही, त्याचे चारशे."

पेन थांबलं.

"लिव. अन् त्याच्या खाली: माल चांगला होता. मीच बिघडवला. सही कर."

मी सही केली.

"वाच आता."

मी वाचलं. ओठातल्या ओठात.

"जोरानं वाच गा," ढोबळे काका म्हणाले. "मले इथून आयकू नाही येऊन राह्यलं."

मी उभा राहिलो, कुंपणापाशी गेलो, मिस्त्रीवर आळ घेताना जिथे उभा होतो तिथेच, आणि पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं. रस्त्यावर सात-आठ माणसं होती. गाडीतून उतरायचं कोणी सांगितलं नव्हतं म्हणून आई-बाबा अजून आतच बसलेले होते. त्यांनीही काचेतून ऐकलं. ढोबळे काकांनी पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. म्हणाले, "दोन व्हॅन तं मी त्या दुसऱ्या गॅरेजवाल्याले वर्षाच्या बोलीनं देऊन बसलो, मिस्त्री. एक उद्या घेऊन ये म्हन्तो मी ड्रायव्हरले."

"एकीत शेडमंदी खड्डा नाही होत काका," सुखदेव म्हणाला. "पन पाठवा."

बाबा गाडीतून उतरून खिशात हात घालायला लागले. सुखदेवनं त्यांना थांबवलं. "तुमचे नाही साहेब. याचे." तो कागद त्यानं चार घड्या करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, मी एक प्रत मागितली, दिली नाही. त्या महिन्याच्या स्टायपेंडमधून सुखदेव मिस्त्रीला, त्याच्या हातात, रोख: रुपये बाराशे चाळीस.